गाळाची जमीन

१९ फेब्रुवारी, बुधवार

धीरखेड्याच्या खादरातला, म्हणजे यमुनेच्या पूरपट्ट्यातला, माती तपासायचा शेवटचा खड्डा आज झाला. एकूण चौदा. पाठ मोडली आहे, पण मी इतका खुशीत होतो की लताने विचारलं, "आज काय मिळालं एवढं?" मी म्हटलं, माती. बायको म्हणाली, "तेहतीस वर्षं तीच मिळतेय."

यमुनेकाठच्या बारा गावांत कुठली जमीन शेतीसाठी राखायची आणि कुठली 'खराब' म्हणून शहरातल्या पाडकामाचा मलबा टाकायला द्यायची, हे या सर्वेवर ठरणार आहे. रिटायर झालो तरी सर्वे करणाऱ्या एजन्सीने मला सल्लागार म्हणून घेऊन धीरखेडा दिलं ते यासाठी. आता आमच्या द्वारकेच्या सोसायटीत कुणालाही विचारा, खादर म्हणजे नाला, असंच उत्तर मिळेल. सेक्रेटरी तर सकाळी लिफ्टमध्ये म्हणाला, "अंकल, वहाँ तो बस बदबू है, दे दो मलबे को." हा माणूस रोज त्याच खादरातला पालक खातो! मी त्याला चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत ऐकवलं. पुढे त्याला तिसऱ्यावर जायचं होतं म्हणे.

आजचा खड्डा कौशल्या नावाच्या बाईच्या शेतात होता. पन्नाशीची, खणखणीत बोलणारी. नवरा गेल्यापासून एकटी भाजीपाला पिकवते. दीड मीटर खणलं. वर फिकट तपकिरी पोयटा, मध्ये चार बोटं रेती, खाली पुन्हा पोयटा, त्याखाली पुन्हा रेती. एकेका पुराचा एकेक थर. उन्हात अभ्रक चमकत होतं. आम्लाचे थेंब टाकले, जेमतेम फसफसलं, म्हणजे चुना कमी. ओली माती चिमटीत दाबून पट्टी काढली, ती सुद्धा छान निघाली. पलीकडे उंचावर बांगर आहे, तीही नदीनेच आणलेली, पण जुनी. घट्ट झालेली, कंकराचे, म्हणजे चुनखडीचे, खडे धरून बसलेली. खादर दर पुरात नवी होते. वर्गीकरणाच्या पुस्तकात हिला लांबलचक परदेशी नाव आहे. माझ्या वहीत मी नेहमीसारखं मराठीत लिहिलं: गाळाची जमीन, खोल, चांगली.

बाईने विचारलं, "साहब, पास हुई कि फेल?" मी म्हटलं, फर्स्ट क्लास. माझा नंबर दिला, काही अडलं तर फोन करा म्हणून.

२२ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरनी तीन आठवडे स्क्रीन मना केली आहे. वहीबद्दल ते काही बोलले नाहीत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितो आहे.

पंचाईत ही की माझ्या सर्वेच्या नोंदी मराठीत असतात. भंडाऱ्याहून निघालो तेव्हापासून मी शेतात मराठीतच लिहितो आणि ऑफिसात बसून स्वतः इंग्रजी करतो. एजन्सीला रिपोर्ट पाच मार्चला हवा. इशिता म्हणाली, "बाबा, मी टाइप करते ना, चिल." लेक सत्तावीस वर्षांची आहे, बँकेच्या हेड ऑफिसात काम करते, इंग्रजी फाडफाड. मराठी वाचते अडखळत, पण वाचते. सुटला प्रश्न.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन. सकाळपासून ग्रुपवर शुभेच्छांचा नुसता पाऊस. ज्यांच्या घरात भाजीला सब्जी आणि पोळीला रोटी म्हणतात ते सगळे 'माय मराठी' लिहून मोकळे.

आमच्या घरी काय वेगळं आहे? मी सोसायटीच्या सेक्रेटरीशी फोनवर भांडत होतो. पाण्याची टाकी साफ केली आणि सगळी घाण खाली रॅम्पवर टाकून ठेवली, चार दिवस झाले! तेवढ्यात इशिता आतून ओरडली, "बाबा, गाळ म्हणजे काय? ते टाकीतून काढलं, ते ना?" मी म्हटलं, हो गं, तोच, आणि पुन्हा फोनवर वळलो. पण मनात चीड आली. गाळ हा शब्द मुलीला माहीत नाही! आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये वाढली, शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, आणि आम्ही दोघं नोकरीत बुडालेलो. लताला म्हटलं तर तिचं उत्तर, "तिला कुणी सांगितला कधी?" सगळं माझ्यावरच.

रॅम्प दुपारी साफ झाला. भांडल्याशिवाय या शहरात काही हलत नाही.

५ मार्च, बुधवार

इशिताने रिपोर्ट परस्पर एजन्सीला मेल केला. मला वाचून दाखवते म्हणाली होती. मी म्हटलं, आकडे जुळवलेस ना, मग बस.

संध्याकाळी हितेशचा फोन. हितेश एजन्सीचा कंत्राटी सर्वेअर, नऊ वर्षं तिथेच, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. काम बरं करतो, पण शंकेखोर. "सर, टेबल में एक शब्द थोडा अजीब लग रहा है, चौदह जगह आया है, एक बार देख लेते तो..." डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. मी म्हटलं, हितेशजी, मी तेहतीस वर्षं सर्व्हिस केली आहे, जो लिखा है वही रखो, एक अक्षर मत बदलना. तो "जी सर" म्हणाला. या लोकांना एकदा बदलायची सवय लागली की संपलं. बरं झालं स्पष्ट सांगितलं.

८ एप्रिल, मंगळवार

 

कौशल्याचा फोन आला. ओळख न देता सरळ म्हणाली, "साहब, आपने तो फर्स्ट क्लास कहा था. पंचायत में नोटिस लगा है, हमारी जमीन नाले का कीचड है, मलबा गिरेगा." मला वाटलं तिला काही समजलं नसेल. मग तिच्या पुतण्याने नोटिशीचा फोटो पाठवला. यादीत धीरखेड्याचे चौदाच्या चौदा तुकडे. कारण: स्लज डिपॉझिट.

स्लज! गटारातला राडा! मी ज्या मातीची पट्टी चिमटीत धरून पोरासारखा हसलो तिला यांनी गटार लिहिलं. बाईला सांगितलं, हे मी लिहिलेलं नाही, कुणीतरी बदललं आहे, आणि मी त्याला सोडणार नाही. ती म्हणाली, "सुनवाई उनतीस को है. आना." एवढंच. फोन ठेवला.

९ एप्रिल, बुधवार

एजन्सीत गेलो. हितेशच्या टेबलावर रिपोर्ट आपटला. चौदा ओळी, चौदा वेळा: 'स्लज, डीप, गुड'. म्हणजे खोल आणि चांगला राडा! चांगला राडा कुठे असतो? लिहिणाऱ्याला एवढीही अक्कल नाही. रकान्यात स्लज आला की ती जमीन आपोआप 'खराब' मध्ये जाते. पुढचा 'गुड' कुणी वाचतच नाही.

हितेश म्हणाला, "सर, फाइल आपके घर से ऐसी ही आई थी. मैंने फोन भी किया था." मी म्हटलं, फोनवर तुम्ही मला हा शब्द सांगितला होता का? नव्हता सांगितला! "आपने सुना ही नहीं, सर," असं हळूच म्हणाला. ही उलट बोंब. कॉम्प्युटरवर मेल उघडून दाखवायला लागला. मी पाहिलंच नाही. कॉम्प्युटरवर काय, काहीही बदलता येतं. माझी वही माझ्याकडे आहे, तिच्यात स्लज नाही.

इशिताला विचारावं असं एकदा मनात आलं. पण ती बंगळुरूला ट्रेनिंगला गेली आहे, आणि तिला कशाला या घाणीत ओढायचं?

११ एप्रिल, शुक्रवार

डायरेक्टरना तक्रार दिली. हिंदीत, स्वतःच्या हाताने, दोन पानं. हितेशने नोंदींत जाणूनबुजून फेरफार केला असा मला 'पूर्ण विश्वास' आहे, असं लिहिलं. लता म्हणाली, "पूर्ण?" मी म्हटलं, पूर्ण. तिने पत्र दोनदा वाचून टेबलावर ठेवलं. तिला माणसांची दया फार येते. मातीची कुणाला येते?

डायरेक्टर अगदी गोड बोलले. "वासनिक साहब, आपने लिखकर दे दिया, बहुत अच्छा किया." चहा दिला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी अधिकाऱ्याने माझी तक्रार इतकी पटकन ठेवून घेतली.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. कम्युनिटी हॉलमध्ये दरवर्षीप्रमाणे मीच बोललो. या वेळी विषय घेतला न्यायाचा. समोरच्याचं म्हणणं न ऐकता निकाल देणं हाच सगळ्यात जुना अन्याय, आपल्या लोकांनी तोच सोसला, असं म्हणालो. खूप टाळ्या पडल्या. नागपूरचे दोघे तर येऊन भेटले.

हितेशला कामावर यायला मनाई केली आहे असं कळलं. चौकशी होईपर्यंत. झालंच पाहिजे.

२० एप्रिल, रविवार

इशिता आज परतली. जेवताना तिला सगळं सांगितलं, अगदी आवाज चढवून. स्लज, कौशल्या, हितेश, तक्रार. तिने घास खाली ठेवला.

"बाबा, स्लज मी लिहिलंय."

मी म्हटलं, काय?

"तुम्ही गाळ लिहिलं होतं ना, सगळीकडे. गाळाची जमीन. मी विचारलं होतं तुम्हाला. टाकीतून काढतात तो का. तुम्ही हो म्हणालात."

मी म्हटलं, मी असं म्हणणं शक्य नाही. ती रडायला लागली. लता उठली आणि ही वही आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाली, "सत्तावीस फेब्रुवारी काढा."

काढली. विचारलं होतं.

२१ एप्रिल, सोमवार

गाळ. दोन्ही अर्थ खरे आहेत, हेच तर. नदी आणते तोही गाळ आणि टाकीच्या तळाशी उरतो तोही गाळ. आपण नुसतं ऐकून ओळखतो कुठला कुठे. मुलीला ते कुठून कळणार? लहानपणी ती मागे लागायची, बाबा मला पण घेऊन चला खड्डे बघायला. मी म्हणायचो, ऊन फार असतं. तेहतीस वर्षांत एकदाही नेलं नाही. तिने आयुष्यात पाहिलेला एकच गाळ तो रॅम्पवरचा.

राग येतो आहे आणि तो कुणावर काढावा कळत नाही. सवयीने सेक्रेटरीला फोन लावला होता, लिफ्टच्या दिव्यावरून. मग कापला.

आधी जमीन वाचवायची. सुनावणीला आठ दिवस आहेत. हितेशचं नंतर बघू. जमीन सुटली की त्याचं आपोआप सुटेल.

२९ एप्रिल, मंगळवार

सुनावणी. पत्र्याच्या शेडखाली, पंखा एकच, तोही अधिकाऱ्याकडे. गावातली चाळीसेक माणसं. कौशल्या पुढे बसली होती, पदरात माती बांधून आणलेली.

मी वही उघडून दाखवली. गाळाची जमीन म्हणजे नदीने आणलेली नवी माती, खादर, हे समजावलं. थर सांगितले, रंग सांगितला, आम्लाची परीक्षा सांगितली. पुस्तकातलं नाव सांगितलं. अधिकारी बाई समजूतदार होत्या, लिहून घेत होत्या. म्हणाल्या, "तो रिपोर्ट में स्लज कैसे आया?"

मी म्हटलं, "अनुवाद में गलती हुई."

"किससे हुई?"

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात शेजारून डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, वह हमारा अंदरूनी मामला है. वासनिक साहब की लिखित शिकायत हमारे पास है, कार्रवाई चल रही है." बाईंनी मान डोलावली आणि पुढच्या गावाचं नाव पुकारलं.

आणि मी खाली बसलो.

मी स्वतःला सांगतो आहे की त्या क्षणी बोललो असतो तर सगळा रिपोर्टच संशयात आला असता आणि जमीन गेली असती. हे खरंही असेल. पण बसताना मला हायसं वाटलं, हेही खरं आहे, आणि ते इथे तरी लिहायला हवं.

३ जून, मंगळवार

शुद्धिपत्र आलं. धीरखेड्याचे चौदाही तुकडे यादीतून वगळले. 'नवीन जलोढ मृदा, कृषि योग्य, उत्तम.' जलोढ म्हणजे गाळाची. दुपारी कौशल्याच्या पुतण्याचा फोन आला, मागे ढोलक वाजत होती.

खाली आणखी एक परिच्छेद आहे. 'उक्त त्रुटि संविदा सर्वेक्षक हितेश द्वारा जानबूझकर किए गए फेरबदल के कारण हुई. उनकी सेवाएँ समाप्त की जाती हैं. संदर्भ: श्री काशीनाथ वासनिक का पत्र, दिनांक ११ अप्रैल.'

म्हणजे जमीन सुटली ती माझ्या वहीमुळे नाही. मातीमुळेही नाही. माझ्या खोट्या पत्रामुळे सुटली! सगळ्यांची सोय झाली. डायरेक्टरला माणूस मिळाला, ऑफिसला कारण मिळालं, गावाला जमीन मिळाली. चहा कशासाठी पाजला होता ते आज कळलं. हरामखोर! हितेशला साधं विचारलंही नाही. आणि हे मी कुठल्या तोंडाने लिहितो आहे?

हितेशला फोन केला. उचलला त्याच्या बायकोने. माझं नाव ऐकून म्हणाली, "अब क्या चाहिए आपको?" मी फोन ठेवून दिला.

४ जून, बुधवार

पत्र लिहिलं. माझी तक्रार खोटी होती, हितेशने मला आधीच सावध केलं होतं, मीच ऐकलं नाही. मुलीने शब्दाचा अर्थ विचारला तो मीच चुकीचा सांगितला. सेवासमाप्ती मागे घ्यावी.

डायरेक्टरना फोनवर वाचून दाखवलं. त्यांचा आवाज अजूनही गोड. "वासनिक साहब, सोच लीजिए. आपका पत्र झूठा, तो शुद्धिपत्र का आधार ही गया. फिर से सर्वे होगा, लिस्ट फिर खुलेगी. और आपके नोट्स पर कौन भरोसा करेगा? जमीन गई तो गाँववालों को आप ही समझाइएगा."

लताने विचारलं, "आता?" मी म्हटलं, डायरेक्टरचं म्हणणं बरोबर आहे. तोच तर संताप आहे. इशिता म्हणाली, "मग त्या कौशल्या मावशींना विचारा ना. जमीन त्यांची आहे." तेहतीस वर्षांत माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही. आम्ही जमीन मालकाला विचारून ठरवत नाही.

५ जून, गुरुवार

इशिताने सुट्टी टाकली, माझ्याबरोबर आली. मेट्रो, मग ऑटो, मग पायी. पाय पोळत होते. कौशल्या दोडक्याच्या वेलांत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

ती वेलांतून बाहेर आली. मग जे सुरू झाली! "नाला आपने लिखा? आपके घर में लिखा गया? दो महीने मैं सोई नहीं, साहब. जेठ ने कहा, बेच दे, कीचड का क्या करेगी. और आप सुनवाई में चुप बैठे रहे? मैं आपके लिए दुआ कर रही थी वहाँ!" मी ऐकून घेतलं. एकही शब्द खोटा नव्हता. इशिता पुढे होऊन म्हणाली, "टाइप मैंने किया था, आंटी." तर ती तिच्यावर डाफरली, "तू चुप. तूने तो पूछा था."

मग मी पुढचं सांगितलं. पत्र पाठवलं तर यादी पुन्हा उघडेल. पुन्हा सर्वे, पुन्हा खड्डे, आणि माझ्या शब्दाला आता काही किंमत नाही. नाही पाठवलं तर तिची जमीन सुरक्षित आहे आणि हितेश घरी बसेल. मी म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर मी पत्र फाडतो.

"उस आदमी ने आपको फोन किया था? पहले ही?"

"किया था."

"और आपने डाँट दिया."

"हाँ."

ती वाकली, वेलाच्या बुडाशी हात घालून मूठभर माती काढली आणि इशिताच्या हातावर ठेवली, माझ्या नाही. "भेज दो चिट्ठी," ती म्हणाली. "सौ बार खुदवा लो. मिट्टी तो यही निकलेगी."

परतताना पत्र रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं. पाकिटावर पत्ता इशिताने लिहिला, कारण तिचे दोन्ही हात धुतलेले नव्हते तरी माझ्यापेक्षा तिचं अक्षर स्थिर होतं. पाकिटाला माती लागली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, यह क्या लगा है?"

"गाळ," ती म्हणाली, मराठीतच, आणि पाकीट त्याच्याकडे सरकवलं.